हायाबुसाचा वेग: इंजिनाइतकाच वाऱ्याचा हिशोब

प्रश्न असा आहे: "१९९९ च्या सुझुकी हायाबुसा या मोटरसायकलचं इंजिन १७५ अश्वशक्तीचं होतं. आज २०० च्या पुढच्या गाड्या शोरूममध्ये उभ्या असतात. मग त्या जुन्या गाडीच्या वेगाचं एवढं कौतुक कशासाठी? इंजिन मोठं केलं की वेग येतो, इतकंच ना?" विचारणारा सांगलीचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे आणि त्याला हे प्रोजेक्टसाठी हवं आहे. म्हणून आकडेमोडीला बगल न देता लिहितो. कागद-पेन्सिल घेऊन वाचलं तर जास्त उपयोग होईल.

माझी बावीस वर्षं दुचाकींच्या चाचणीत गेली. आधी इंजिन डायनोच्या (उभ्या गाडीच्या इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) खोलीत, नंतर ट्रॅकवर. डायनोच्या खोलीत असताना मीही अगदी असाच विचार करायचो. ट्रॅकवर आलो आणि कळलं की खोलीत आपण फक्त निम्मी गाडी तपासत होतो.

आधी त्या काळाची पार्श्वभूमी. १९९० मध्ये कावासाकीची झेडझेडआर ११०० आली, ताशी साधारण २८३ किलोमीटर. सहा वर्षं तिला कुणी गाठलं नाही. १९९६ मध्ये होंडानं सुपर ब्लॅकबर्ड आणली: ११३७ सीसी, १६४ अश्वशक्ती, आणि वेग सुमारे २८७. म्हणजे होंडासारख्या कंपनीनं सगळी ताकद लावून सहा वर्षांत चार किलोमीटर मिळवले. हा आकडा नीट लक्षात ठेवा. मग १९९८ च्या सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात सुझुकीनं हायाबुसा दाखवली आणि १९९९ मध्ये ती रस्त्यावर आली. वेगवेगळ्या चाचण्यांत ३०३ पासून ३१२ पर्यंत आकडे मिळाले, आणि शोरूममधून मिळणारी जगातली सगळ्यात वेगवान गाडी हा विक्रम तिच्या नावावर झाला. हायाबुसा म्हणजे जपानीत आपला बहिरी ससाणा. हा पक्षी सूर मारताना ताशी तीनशेच्या पुढे जातो, आणि ब्लॅकबर्डसारखे पक्षी हे त्याचं भक्ष्य. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते यात आलंच.

आता हिशोब. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. त्या रोधाला ढकलत राहायला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनानं वाढते. २८७ वरून ३१२ वर जायचं तर ३१२ भागिले २८७, त्याचा घन, म्हणजे १.२८. शक्ती २८ टक्के जास्त हवी. ब्लॅकबर्डच्या १६४ ला १.२८ नं गुणा, २१० येतात. चाचणीचा सगळ्यात कमी आकडा, ३०३, धरला तरी १९३ लागतात. हायाबुसाकडे होते १७५. ब्लॅकबर्डपेक्षा जेमतेम सात टक्के जास्त.

राहिलेली अश्वशक्ती कुठून आली? बहुतांशी ती आलीच नाही. तिची गरज कमी केली गेली.

समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार हा या खेळातला खरा आकडा. हायाबुसासाठी तो ०.३१ चौरस मीटरच्या आसपास धरतात. हवेची घनता १.२, वेग ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३.३ मीटर. यावरून रोध निघतो सुमारे १२९० न्यूटन, म्हणजे १३० किलोंच्या आसपास. एक धष्टपुष्ट माणूस दोरी बांधून तुम्हाला मागे खेचतो आहे, आणि तुम्ही सेकंदाला ८३ मीटर पुढे चालला आहात. यासाठी शक्ती लागते १०८ किलोवॅट. टायरांच्या घर्षणाचे आठेक मिळवा, गिअरबॉक्स आणि चेनमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास जाते ती मिळवा. क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, १२९ किलोवॅट येतात, म्हणजे बरोबर १७५ अश्वशक्ती. यात मी धरलेले आकडे थोडे इकडेतिकडे होऊ शकतात, पण मेळ बसतो. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. त्या गाडीत वाया घालवायला काहीच शिल्लक नव्हतं.

आता गाडीच्या आकाराकडे बघा. १९९८ मध्ये तिला अनेकांनी बेढब म्हटलं होतं. फुगीर नाक, गोल खांदे, मागे उंटासारखा उंचवटा. मला ती पहिल्या दिवसापासून सुंदर वाटत आली आहे, कारण त्यातलं प्रत्येक वळण काही ना काही काम करतं. हेडलाइट शेजारी-शेजारी न लावता एकावर एक बसवले, त्यामुळे नाक अरुंद झालं. (ब्लॅकबर्डनंही हे केलं होतं, श्रेय द्यायलाच हवं.) वाचलेल्या जागेत, हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना, हवा आत घेणारी तोंडं आली. पुढचे इंडिकेटर वेगळ्या दांड्यांवर न ठेवता या तोंडांच्या कडेतच सामावले. पुढचं मडगार्ड फोर्कच्या नळ्यांना कवेत घेतं. मागचा उंचवटा तर बहुतेकांना नुसती सजावट वाटतो. चालक टाकीवर झोपला की त्याच्या पाठीवरून सरकणारी हवा कमरेपाशी सुटते आणि मागे भोवरे तयार होतात. तिथे दाब कमी होतो आणि गाडी मागे ओढली जाते. तो उंचवटा ही पोकळी भरून काढतो, हवेला आणखी थोडा वेळ पाठीला धरून ठेवतो.

मोटरसायकलचं हवेच्या बाबतीतलं दुखणं गाडीत असतं त्यापेक्षा जास्त चालकात असतं. मोटारीत माणूस पत्र्याच्या आत असतो. इथे तो बाहेर असतो, त्याला कोपर असतात, गुडघे असतात, खांद्यावर सैल जॅकेट असतं. आमच्याकडे एकदा कोस्ट-डाउन चाचणी चालली होती, म्हणजे ठराविक वेगाला क्लच दाबून गाडी आपोआप किती वेळात मंदावते ते मोजायचं. एकच गाडी, एकच ट्रॅक, आणि दोन दिवसांच्या आकड्यांत मेळ बसेना. टायरचा दाब बघितला, बेअरिंगं बघितली, वाऱ्याची नोंद बघितली. शेवटी चालकाच्या लक्षात आलं: पहिल्या दिवशी अंगाला घट्ट बसणारा लेदर सूट होता, दुसऱ्या दिवशी पावसाळी जॅकेट. त्या फडफडणाऱ्या कापडानं खाल्लेली शक्ती आमच्या इंजिन विभागानं महिनाभर राबून मिळवलेल्या शक्तीपेक्षा जास्त निघाली. म्हणून हायाबुसाची टाकी, काच, हँडल आणि फूटपेग यांच्याकडे मी चालकाला घडी घालून बसवणारा साचा म्हणून बघतो. त्या साच्यात शरीर नीट बसलं तरच ०.३१ हा आकडा खरा. डोकं वर काढलं की तो गेला.

हवा आत घेणाऱ्या तोंडांबद्दल, म्हणजे रॅम एअरबद्दल, आपल्याकडे फार गैरसमज आहेत. "टर्बोसारखी ताकद येते" असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. तोही हिशोब करू. अर्धा गुणिले १.२ गुणिले ८३.३ चा वर्ग, म्हणजे सुमारे ४१७० पास्कल. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर. म्हणजे ताशी तीनशेला, सगळं शंभर टक्के जमलं तरी, चार टक्के. ताशी शंभरला अर्धा टक्कासुद्धा नाही. पण तीनशेला चार टक्के म्हणजे सात अश्वशक्ती, आणि वर पाहिलंत तसं या गाडीत एकेक अश्वशक्ती मोजून वापरलेली आहे. दुसरा फायदा याहून भरवशाचा: रेडिएटरमागची तापलेली हवा पिण्याऐवजी इंजिनाला समोरची थंड हवा मिळते. डायनोवर मात्र यातलं काही दिसत नाही. तिथे गाडी उभी असते आणि पंखा कितीही मोठा असला तरी तीनशेचा वारा देत नाही.

इंजिनाकडे येतो. १२९९ सीसी, ओळीत चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६३, मिनिटाला ९८०० फेऱ्यांना १७५ अश्वशक्ती, आणि ७००० फेऱ्यांना १३८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ. यातून पिस्टनचा सरासरी वेग काढा: दोन गुणिले ०.०६३ गुणिले ९८०० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला २०.६ मीटर. हा आकडा बेताचा आहे. रेसिंगची इंजिनं पंचविसाच्या आसपास पळतात. म्हणजे विक्रम करणारं हे इंजिन आपल्या मर्यादेच्या बरंच आत काम करत होतं. फेऱ्या वाढवून शक्ती काढणं स्वस्त पडलं असतं. त्यांनी आकारमान वाढवून, फेऱ्या आवरत्या ठेवून काढली. सिलिंडरला लोखंडी लायनर नाहीत. ॲल्युमिनियमवरच निकेल, फॉस्फरस आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा आहे, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन आहे. थरथर मारायला गिअरवर चालणारा बॅलन्सर आहे. जगभरचे ड्रॅग रेसवाले पुढे याच इंजिनाला टर्बो लावून त्यातून कितीतरी पट शक्ती काढू लागले, त्याचं कारण या आवरलेपणात आहे.

शक्ती आणि रोध जमले तरी एक गाठ सुटायची राहते, गिअरिंगची. प्राथमिक गिअर १.५९६, सहावा गिअर १.०४३, आणि चेनचे स्प्रॉकेट १७ व ४० दातांचे, म्हणजे २.३५३. तिन्हींचा गुणाकार ३.९२. मागचा टायर १९०/५० आणि १७ इंची, परीघ सुमारे १.९५ मीटर. १०,००० फेऱ्यांना वेग येतो २९९, आणि ३१२ साठी १०,४०० च्या थोडं पुढे जावं लागतं. म्हणजे कमाल शक्ती मिळते त्या फेऱ्या ओलांडून, पण ११,००० च्या लाल रेषेच्या, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या मर्यादेच्या, आत. अनेक हौशी मालक मागचा स्प्रॉकेट लहान करून "टॉप स्पीड वाढवला" म्हणतात. वाऱ्याविरुद्ध ढकलायला शक्तीच उरलेली नसेल तर लांब गिअरमध्ये फेऱ्या खाली येतात, शक्ती आणखी कमी मिळते, आणि वेग उलट घटतो. कारखान्यानं दिलेले ते १७ आणि ४० दात विचार करून निवडलेले आहेत.

आता माझ्या मते सगळ्यात अवघड भाग: त्या वेगाला गाडी सरळ ठेवणं.

वाऱ्याचा तो १३० किलोंचा रोध जमिनीपासून वर, समजा ६० सेंटिमीटरवर, लागतो. मागचा टायर मात्र जमिनीपाशी ढकलतो. या दोन बलांमुळे गाडी मागच्या बाजूला कलंडू बघते. चाकांमधलं अंतर १४८५ मिलिमीटर. ०.६ भागिले १.४८५, गुणिले १३०, म्हणजे पुढच्या चाकावरून पन्नासेक किलो भार उचलला जातो. गाडी आणि चालक मिळून ३३० किलो धरले आणि निम्मा भार पुढे धरला, तर पुढच्या चाकाचा जवळजवळ एक तृतीयांश भार नुसत्या वाऱ्यानं गेला. नाकाचा आकार चुकला आणि हवा त्याखाली शिरून उचलू लागली, तर आणखी जातो. आणि पुढचं चाक हलकं झालं की हँडल थरथरायला लागतं. ज्यानं हा थरथराट ताशी १८० ला एकदाच अनुभवला आहे, तो आयुष्यभर विसरत नाही. मी त्यातला एक आहे. त्या दिवशी ट्रॅक रिकामा होता म्हणून आज हे लिहितो आहे.

हायाबुसाला म्हणूनच लांब व्हीलबेस (चाकांमधलं अंतर), जाड ॲल्युमिनियमची दुहेरी बीमची चासी, उलटे फोर्क आणि कारखान्यातूनच स्टिअरिंग डँपर, म्हणजे हँडलची थरथर शोषणारा दट्ट्या, दिला. गाडी २१५ किलोंची, तेही तेल-पेट्रोल न धरता. लोक वजनाला नावं ठेवतात. सरळ रेषेतल्या कमाल वेगावर वजनाचा परिणाम फार थोडा असतो. वजन वेग पकडताना, वळणात आणि ब्रेकला आडवं येतं. एका वेगवान आणि स्थिर गाडीसाठी त्यांनी वळणातली चपळाई थोडी सोडली. योग्य केलं, असंच मी म्हणेन.

टायरबद्दल एकच उदाहरण देतो, तेवढं पुरेल. ताशी ३०० ला टायरच्या बाहेरच्या घेरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२०० पट बल लागतं. बॅलन्सिंगसाठी आपण रिमला चिकटवतो ते दहा ग्रॅमचं शिसं त्याहून आत, कमी त्रिज्येवर असतं, तरी पंधरा किलोंपेक्षा जास्त वजनानं बाहेर ओढत असतं. रबराचा प्रत्येक चौकोनी तुकडाही तसाच. टायरच्या कडेवरच्या वेग-खुणेकडे दुर्लक्ष करून "साइज तोच आहे, चालतंय" म्हणत स्वस्त टायर घालणारे मालक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका.

पेट्रोलचा माझा अंदाज: पूर्ण वेगाला तासाला पन्नास लिटरच्या आसपास. २२ लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आत रिकामी. ब्रेकचं गणित तुम्हीच करा. गतिज ऊर्जा ताशी शंभरच्या नऊपट आहे एवढं सांगतो.

आता "शोरूममधून मिळणारी" या शब्दांबद्दल, कारण कौतुकाचं खरं कारण तिथे आहे. तीनशेच्या पुढे जाणारी एकुलती एक गाडी बनवणं तेव्हाही शक्य होतं. पण हीच गाडी सकाळी थंडीत एका बटणावर सुरू व्हायला हवी, सिग्नलला उकळायला नको, मागे बायकोला बसवून दोन बॅगा बांधून सहलीला जायला हवी, सर्व्हिसिंग शेजारच्या गावात व्हायला हवं, आणि हे सगळं हजारो गाड्यांत सारखंच. विक्रम झाल्यावरही या बाजूनं हायाबुसाला एक धक्का बसलाच. सुरुवातीच्या गाड्यांत सीटखालची मागची उपचासी ॲल्युमिनियमची होती. मागे माणूस आणि सामान यांचा भार जास्त झाल्यावर ती काही गाड्यांत तुटली. २००१ पासून ती पोलादी केली आणि गाडीचं वजन दोन किलोंनी वाढलं. तीनशेचा वारा पेलणारी गाडी प्रवासी बॅगांपुढे कमी पडली. प्रोजेक्टमध्ये याला एक पान द्या. चाचणीत आपण जो भार कल्पनेत आणतो, ग्राहक नेमका त्याच्या बाहेरचा आणतो.

तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग: आजच्या २०० अश्वशक्तीच्या गाड्या असूनही ३१२ का गाजतो? वेगाची ही चढाओढ पाहून युरोपात बंदीची भाषा सुरू झाली. कायदा येण्याआधीच मोठ्या कंपन्यांनी आपसात समजूत करून घेतली आणि इलेक्ट्रॉनिक कुंपण घातलं: ताशी २९९. २००१ पासूनच्या हायाबुसाही त्या कुंपणात आल्या. त्यामुळे १९९९ आणि २००० च्या गाड्यांचा आकडा पुष्कळ काळ तसाच राहिला. ही समजूत कायदा नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी ती पाळलीही नाही. इटलीच्या एमव्ही ऑगस्तानं २००७ मध्ये एका हजार सीसीच्या गाडीच्या नावातच ३१२ हा आकडा घातला.

हायाबुसाचं पुढचं वळण मला फार बोलकं वाटतं. २००८ मध्ये स्ट्रोक ६५ करून इंजिन १३४० सीसीचं झालं, शक्ती १९७. २०२१ च्या तिसऱ्या पिढीत शक्ती कमी होऊन १९० वर आली. कुंपण २९९ लाच असेल तर वरच्या टोकाला आणखी अश्वशक्ती ओतून काय करायचं? त्यांनी ती मेहनत मधल्या फेऱ्यांवर, उत्सर्जनाच्या नियमांवर, ब्रेकवर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर घातली. आपल्याकडे २०१६ पासून ती हरियाणात जुळवली जाते. अर्थात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना मनाई आहे, आणि इतर रस्त्यांवर कुत्रं, ट्रॅक्टर, उलट्या दिशेनं येणारी रिक्षा यांतलं काहीही समोर येऊ शकतं. ताशी तीनशेला एका सेकंदात तुम्ही ८३ मीटर जाता आणि ब्रेकवर बोट जायलाच तेवढा वेळ लागतो. हा वेग बंद ट्रॅकचाच. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, तशा जागेचा.

प्रोजेक्टसाठी हायाबुसा मिळवायची गरज नाही. घरची १२५ किंवा १५० सीसीची गाडी घ्या. कॉलेजच्या आवारात किंवा परवानगी काढलेल्या सपाट, बंद रस्त्यावर, पहाटे वारा पडलेला असताना, हेल्मेट आणि पूर्ण कपडे घालून कोस्ट-डाउन करा. ताशी ८५ ला नेऊन क्लच दाबा. ८० वरून ७० वर यायला किती सेकंद लागले ते नोंदवा, तसंच ४० वरून ३० वर यायला किती. पहिल्याला चारेक सेकंद आणि दुसऱ्याला दहाच्या आसपास लागले तर मोजणी ठीक आहे असं समजा. जाताना-येताना दोन्ही दिशांना करा, प्रत्येकी पाच वेळा, आणि सरासरी काढा. चालकासकट गाडीचं वजन काट्यावर करून घ्या, अंदाजानं लिहू नका. दोन वेगांना दोन बलं मिळाली की दोन समीकरणं होतात. त्यातून टायरचा रोध आणि वाऱ्याचा रोध वेगळे निघतात. मग छाती टाकीला टेकवून, कोपर आत घेऊन तेच सगळं पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे मला पाठवा, मी तपासून देईन.